पहिला अल्बम झकास आला आणि तिथंच फसलो

मी बार्शीचा, लग्नाच्या ऑर्डरी करतो, डिझाईन स्वतःच करतो आणि अल्बम छापायला बाहेर देतो, बरेच जण असंच करतात. 39 हजार गेले आणि वर इज्जत गेली ती वेगळीच, म्हणून सगळं लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. त्या गडबडीत व्हॉट्सॲपवर एकाचा मेसेज आला, हैदराबादला लॅब आहे म्हणे, 12 बाय 36 इंची फोटो पेपरची 30 शीट, पॅड (वरचं जाड कव्हर) आणि बॅग धरून 3,900. माझी नेहमीची लॅब याचेच 5,800 घेते. मला वाटलं बघू तरी, एक साखरपुड्याचा अल्बम टाकला. आठ दिवसांत पार्सल दारात. खरं सांगतो, नाव ठेवायला जागा नव्हती. स्किन टोन बरोबर, काळा रंग खोल, मधल्या घडीत पान एकदम सपाट पडत होतं. मी खुश होऊन त्याला दोन ओळी कौतुकाच्या पाठवल्या आणि अल्बमचा व्हिडिओ पण काढून पाठवला, त्यानेच मागितला होता.

मग जानेवारीत त्याची स्कीम आली. 10 अल्बमचे पूर्ण पैसे आधी भरा, 2 फुकट. बायको म्हणाली, अहो अर्धेच द्या आत्ता. मी म्हटलं तुला यातलं काय कळतंय. (हे वाक्य आता घरात रोज ऐकायला मिळतं.) दोन वेळा यूपीआय करून 39 हजार पाठवले आणि 10 लग्नांच्या फाईली ड्राईव्हवर टाकल्या.

तीन आठवड्यांनी चारच अल्बम आले. बाकीचे "बाइंडिंगला आहेत". सिझनच्या घाईत मी वरवर चाळले, लाईटखाली चकचकीत दिसत होते, आणि एक तसाच पार्टीकडे घेऊन गेलो. सगळं घर गोळा झालेलं, नवरीच्या सासूबाईंनी हळदीचं पान उलटलं तर हळद हिरवट, आणि दोन-तीनदा उघड-मीट केल्यावर मधल्या घडीवरचा रंगच तडकला, नवरीच्या कपाळावरून खाली पांढरी रेघ. शुभकार्यात असली रेघ, कोणी काही बोललं नाही पण सगळ्यांचे चेहरे बघवत नव्हते. मी अल्बम काखेत मारून परत आलो.

आमच्या गल्लीत सोनाराचं दुकान आहे, त्याचं भिंग घेऊन बघितलं. फोटो पेपरवर रंग सलग दिसतो, इथे नुसते ठिपके, लाल निळे पिवळे. म्हणजे साधा लेझर प्रिंट काढून वर लॅमिनेशन मारलेलं, आणि त्याची पावडरची शाई घडीवर सहसा तडकते. एक शीट ओलं करून उकललं, खऱ्या फोटो पेपरच्या मागे सहसा कंपनीचं नाव पुसट छापलेलं असतं, इथे पांढरं कोरं. आता डिजिटल प्रेसवर, म्हणजे फोटो पेपर न वापरता मोठ्या प्रिंटरवर, छापलेला अल्बम वाईटच असतो असं नाही, चांगल्या प्रेसचं काम मी स्वतः वापरलंय, पण मग तसं सांगा ना, फोटो पेपर म्हणून पैसे का घेता.

फोन लावला तर आधी "सर चेक करतो", मग बिझी, मग ब्लॉक. तेव्हा कुठे बिल नीट बघितलं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्र 27, तेलंगणा 36. याच्या बिलावर 24, म्हणजे गुजरात! जीएसटीच्या साईटवर नंबर टाकला तर कुठल्यातरी टाइल्सवाल्याचा निघाला, तोही रद्द झालेला. हे बघायला एक मिनिट लागतं, पैसे भरायच्या आधी मला ते सुचलं नाही. मग 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला. तिथे विचारलं पैसे कधी पाठवले, महिना होऊन गेला म्हटल्यावर पलीकडचा गप्पच. लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, माझे कधीच निघून गेलेले. ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले माल दिलाय ना थोडा, मग हा दिवाणी मामला. तक्रार अर्जाची पोच तेवढी भांडून घेतली.

दहाच्या दहा अल्बम जुन्या लॅबकडून परत करून घेतले, 58 हजार. लॅबवाले काका एक शब्द टोचून बोलले नाहीत, उलट निम्मे पैसे सिझननंतर द्या म्हणाले. आणि 10 घरच्या लेकीबाळींचे फोटो त्या माणसाकडे पडून आहेत. ड्राईव्हची लिंक बंद केली, पण डाऊनलोड केलेल्याचं काय.

यातला सगळ्यात वाईट भाग अजून सांगितलेला नाही. माझ्या अल्बमच्या शेवटच्या पानावर माझा लोगो आणि नंबर असतो. तो साखरपुड्याच्या अल्बमचा व्हिडिओ या गड्याने पुढे फिरवला. स्कीमचे पैसे भरून मी आनंदात होतो त्या दिवसांत लातूरच्या एका पोराचा फोन आला, दादा तुमचा अल्बम बघितला, लॅब कशी आहे? नवीन धंदा, पहिलाच सिझन होता त्याचा. मी म्हटलं डोळे झाकून टाक.

परवा त्याचा मेसेज आला. काही लिहिलेलं नाही, मधोमध तडकलेल्या शीटचा फोटो फक्त. अजून मी उत्तर दिलेलं नाही.