जुन्या लाकडी बोटीला नवा डेक: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

आमची बोट सागवानी, 40 फुटी, वावरी (मासे कल्ल्यात अडकवणाऱ्या) जाळ्यांची. सासऱ्यांनी बांधून घेतली तेव्हापासून हर्णै बंदरात आहे. गेल्या वर्षी पावसाळी मासेमारी बंदीच्या आधीच तिला आंजर्ल्याच्या खाडीत वर ओढली, नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) खणाच्या, म्हणजे मासे आणि बर्फ ठेवायच्या कोठाराच्या, मागच्या काठापर्यंतचा डेक उखडला आणि तिथे मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) टाकून वर इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) आणि काचेच्या कापडाचा थर चढवला. ऑगस्टमध्ये मासेमारी उघडल्यापासून मे संपेपर्यंत त्यावर रोजचं काम झालं. आता बोट पावसाळ्यासाठी पुन्हा झापांनी शाकारली आहे. डेकचा इंच न् इंच तपासून झालाय, म्हणून हे लिहिते. काम टिकलं आहे. खर्च मोठा होता, पण आज पुन्हा ठरवायचं झालं तरी हेच करू.

डेक कुजला कशाने, ते आधी सांगायला हवं, कारण उपाय त्यावरच ठरतो. खाऱ्या पाण्याने लाकूड कुजतं असं पुष्कळांना वाटतं. खरं तर कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. लाकडाचा घात करतं ते गोडं पाणी, आणि कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या बोटीवरचे झाप उडाले आणि तो अख्खा पावसाळा डेकवर पाणी मुरत राहिलं. दुसरं गोडं पाणी बर्फाचं. बर्फाच्या लाद्या खणात उतरवताना झाकणाच्या काठाशी चुरा साठतो, वितळतो आणि फळ्यांच्या सांध्यांतून खालच्या तुळयांवर उतरतो. जुन्या बोटीत खणाच्या तोंडाभोवतीचं लाकूड सगळ्यात आधी जातं ते यामुळे. आमच्या मिस्त्रींनी हातोडीने एकेक फळी वाजवून पाहिली आणि खणाजवळ टोचा मारला, तर तो दांड्यापर्यंत आत गेला. "वहिनी, वरून रंग आहे म्हणून फळी दिसते," एवढंच म्हणाले.

बंदरावर सगळ्यांचा सल्ला एकच होता: जुन्या फळ्यांवरच फायबर (पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवलेला काचेचा थर) मारून घ्या. स्वस्त पडतं, चार दिवसांत होतं. आम्ही ते केलं नाही, आणि दुसऱ्या कोणी करू नये असं माझं ठाम मत आहे. फळ्यांचा डेक पाण्याने फुगतो, उन्हाने आकसतो. प्रत्येक सांधा वर्षभर हलत असतो. वरचा काचेचा थर हलत नाही, मग तो सांध्यावरच चिरतो. त्यात साग तेलकट, आणि साधं पॉलिएस्टर रेझिन त्याला नीट धरत नाही. चिरेतून शिरलेलं पाणी वर यायला वाट नसते, ते आत बसून लाकूड खातं. फायबरचा थर पापुद्र्यासारखा उचलला गेलेला आणि खाली काळा भुसा, अशा बोटी आपल्याच किनाऱ्यावर बघायला मिळतील.

मागच्या बाजूच्या फळ्या मात्र खणखणीत होत्या. त्या काढल्या नाहीत. सांधे खरवडून नवा कापूस ठोकला, वर राळ आणि तेलाचा लगदा भरला. त्यामुळे एकाच बोटीवर दोन्ही तऱ्हेचे डेक हंगामभर शेजारीशेजारी वापरून झाले.

प्लाय घेताना आयएस 710 चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघूनच घेतला. 12 मिलिमीटरचे दोन थर, वरच्या थराचे जोड खालच्या जोडांवर येणार नाहीत असे. प्लायच्या कापलेल्या कडा पाणी सर्वांत जास्त ओढतात, म्हणून प्लायचा तुकडा जागेवर बसवण्याआधीच प्रत्येक कडेला इपॉक्सी पाजली. रेझिन चढवण्याआधी लाकडातला ओलावा मीटरने मोजून घेतला. 15 टक्क्यांच्या वर असेल तर थांबायचं, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

इपॉक्सी पॉलिएस्टरच्या दुपटीहून महाग. पण ती लाकडाला घट्ट धरते आणि सुकताना फारशी आकसत नाही. एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. फायबरच्या कामाला सर्रास दिली जाते ती चटईसारखी मॅट इपॉक्सीला चालत नाही. तिचे धागे ज्या चिकटीने बांधलेले असतात ती पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही. मॅट ताठच राहते आणि नीट भिजत नाही. इपॉक्सीसाठी विणलेलं कापडच मागा.

काम दुपार उतरल्यावर करायचं, असं मिस्त्रींनी ठरवलं. सकाळी ऊन चढत असताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे सोडते. संध्याकाळी लाकूड निवत जातं, तेव्हा तेच रेझिन आत ओढून घेतं. शिवाय उष्णता साधारण 10 अंशांनी वाढली की इपॉक्सी घट्ट व्हायचा वेळ निम्मा होतो. मे महिन्याच्या उकाड्यात मोठा डबा कालवला तर तो हातातच तापून दगड होतो, म्हणून थोडं थोडं कालवलं. दमट हवेत सुकलेल्या थरावर सकाळी मेणचट पदर दिसायचा. तो आधी पाण्याने घासून धुवायचा, मगच पॉलिश पेपर मारायचा. न धुता घासलं तर तो पदर आणखी आत भरतो आणि पुढचा थर त्यावर धरत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं: बोल्टची भोकं. खुंट, कठडा, जाळं ओढायच्या मशीनची बैठक, हे सगळं डेकला भोकं पाडूनच बसतं आणि पाणी तिथूनच शिरतं. आम्ही प्रत्येक भोक आधी मोठं पाडलं, भुकटी घालून दाट केलेल्या इपॉक्सीने भरलं, सुकल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडलं. आता बोल्टभोवती उघडं लाकूड कुठेच नाही. मजुरीत हे काम सगळ्यात वेळखाऊ निघालं. मिस्त्रींच्या मदतनीसांना ते जास्तीचं वाटत होतं, पण मी एकही भोक सोडू दिलं नाही.

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग लावला. ओल्या रंगावर चाळलेली कोरडी सिलिका वाळू पेरली आणि वरून पुन्हा रंग दिला. किनाऱ्यावरची वाळू वापरू नका. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो.

हंगामाचा अनुभव सांगायचा तर पहिला फरक खाली दिसला. सप्टेंबरच्या सरींतही नाळेखालची झोपायची जागा कोरडी राहिली. खलाशांच्या वळकट्यांना पूर्वी कायम कुबट वास यायचा, तो गेला. पाण्याचा पंपही कमी वेळा चालवावा लागतो. खणाच्या तुळया मे अखेरीस पुन्हा तपासल्या, टोचा कुठेच आत गेला नाही. माझा धाकटा दीर बोटीचा तांडेल (प्रमुख) आहे. बांगड्याच्या तेलाने डेक माखला की जुन्या रंगावर पाय हमखास सरकायचा, नव्या डेकवर जाळं ओढताना पाय रोवून उभं राहता येतं, असं त्याने दिवाळीतच सांगितलं.

उणिवाही आहेत. फिकट राखाडी रंग असूनही मार्चनंतर भर दुपारी हा डेक तापतो, अनवाणी उभं राहवत नाही. मागच्या सागवानी फळ्यांवर तेव्हाही चालता येतं. पावलांचा आणि बर्फाच्या लाद्या आपटल्याचा आवाज खाली जास्त येतो. जाळं घासून येतं त्या कडेची वाळू फेब्रुवारीपर्यंत गुळगुळीत झाली. नांगराचा फाळ आपटून नाळेजवळ एक टवका उडाला, कापड दिसायला लागलं. त्यावर बंदरातच इपॉक्सी भरून रंग लावला. असा टवका पुढच्या फेरीवर ढकलून चालत नाही. फळी मार खाते आणि तशीच चालते. या डेकला खरचटलं की त्याच आठवड्यात हात लावावा लागतो. ज्या बोटीवर असं लक्ष ठेवणारं कोणी नसेल तिथे हा खर्च करू नये.

मागच्या फळ्यांचा कापूस उत्तम बसला आहे, फक्त केबिनच्या कोपऱ्यात एका सांध्यातून थेंब येतो. ज्यांच्या फळ्या वाजवल्यावर शाबूत निघतील त्यांनी जुन्या रीतीनेच सांधे भरून घ्यावेत. साग अजून धडधाकट असताना तो काढून प्लाय टाकणं मला पटत नाही, आणि तसा साग आज परवडतही नाही.

31 जुलैला बंदी उठायच्या आत जाळ्याच्या कडेला रंग-वाळूचा नवा हात द्यायचा आहे, या वेळी जरा जाड दाण्याचा. खणाच्या काठावर, झाकण जिथे आपटतं तिथे, स्टेनलेस स्टीलची पट्टी बसवणार आहोत. तिच्या स्क्रूंची भोकंही आधी इपॉक्सीनेच भरली जातील.