घरचे फोटो कॉम्प्युटरवर लावायचे आहेत: डिजिकॅम, लाइटरूम क्लासिक की ॲपल फोटोज?

आमच्याकडे बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात एक फोटो आहे. वाड्याच्या पायऱ्यांवर घरची माणसं बसली आहेत, एक मूल नेमकं त्याच क्षणी हललंय. फोटो उलटा केला की मागे आजोबांचं पेन्सिलीतलं अक्षर दिसतं: ‘डावीकडून आक्का, दादा, मोठी काकू, कडेवर बेबी. कऱ्हाड, दिवाळी १९६८.’ ती एक ओळ नसती तर आमच्या पिढीला यातली निम्मी माणसं ओळखू आली नसती.

फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर निवडताना मी हाच फोटो डोळ्यांपुढे ठेवते. डिजिटल फोटोलाही मागची बाजू असते. फाइलच्या आतच थोडी जागा राखलेली असते. कॅमेरा तिथे तारीख, वेळ, लेन्स आणि जीपीएसचं ठिकाण लिहितो, त्याला एक्झिफ म्हणतात. माणसाने लिहायची नावं, ओळी आणि शब्द आयपीटीसी आणि एक्सएमपी या पद्धतींनी लिहिले जातात. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, पहिला प्रश्न एकच: मी बसून घातलेली नावं हे फोटोच्या पाठीवर लिहितं, की स्वतःच्या वहीत?

हा प्रश्न मी नुकसान सोसून शिकले. काही वर्षांपूर्वी कॉम्प्युटर बदलला तेव्हा फोटो एकूणएक कॉपी केले. नव्या मशीनवर उघडले तर दोन वर्षांत घातलेलं एकही नाव नव्हतं. नावं प्रोग्रामच्या डेटाबेसमध्ये होती आणि तो डेटाबेस जुन्या डिस्कबरोबर गेला. काही फोटोंत कोण आहे हे सांगणाऱ्या आमच्या आत्या तोवर राहिल्या नव्हत्या.

पिकासा हे फोटो लावायचं जुनं सॉफ्टवेअर वापरलेल्या बऱ्याच घरांपुढे आज नवं सॉफ्टवेअर निवडायचा हाच प्रश्न आहे. गूगलने २००४ मध्ये पिकासा विकत घेतलं, फुकट दिलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. जुन्या कॉम्प्युटरवर ते अजून चालतं, म्हणून लोक ते सोडत नाहीत. तुमच्याकडे असेल तर ते काढून टाकण्याआधी एक काम करा. जेपीजी फोटोंखाली लिहिलेल्या ओळी पिकासा फाइलमध्येच ठेवतं, पण चेहऱ्यांची नावं मुख्यतः त्याच्या डेटाबेसमध्ये आणि फोल्डरमधल्या दडवलेल्या ‘.पिकासा.आयएनआय’ फाइलींमध्ये असतात. पिकासाच्या ३.९ आवृत्तीत ही नावं एक्सएमपीत लिहायची सोय आहे. आधी फोटोंची प्रत काढून ठेवा, मग ती सोय वापरा. त्यानंतर डिजिकॅमसारख्या प्रोग्रामला ती नावं चेहऱ्याभोवतीच्या चौकटींसकट वाचता येतात.

आता तिघांकडे वळू.

डिजिकॅम

हे केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिवारातलं. २००१ पासून चालत आलेलं, पूर्णपणे फुकट, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारं. तुमचे फोल्डर जिथे आहेत तिथेच राहतात. ‘२०१२ गणपती’ नावाचा फोल्डर डिजिकॅममध्ये त्याच नावाचा अल्बम म्हणून दिसतो, आणि उद्या डिजिकॅम काढून टाकलं तरी फोल्डर जागचा हलत नाही.

पहिल्यांदा सुरू केलं की ते काही प्रश्न विचारतं: फोटो कुठे आहेत, डेटाबेस कुठे ठेवू, आणि माहिती फाइलमध्ये लिहू का. तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणा. घाईत ‘पुढे’ दाबून गेला असाल तर सेटिंगमध्ये मेटाडेटाचं, म्हणजे फोटोच्या पाठीवरच्या माहितीचं पान उघडून टॅग (फोटोला जोडलेले शब्द), ओळी आणि चेहऱ्यांच्या खुणा यांच्यापुढे टिचकी आहे ना ते बघा. रॉ फाइलींना, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलींना, हात लावायचा नसेल तर शेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल बनवायची सोयही तिथेच आहे. ही दहा मिनिटं मी कुणालाच वाचवू देणार नाही.

चेहरे ओळखायचं काम डिजिकॅम तुमच्याच मशीनवर करतं, फोटो बाहेर कुठे जात नाहीत. त्यासाठी एकदा काही शे एमबीचा डेटा डाउनलोड करावा लागतो. आधी ते नुसते चेहरे शोधतं. तुम्ही थोड्यांना नावं दिलीत की बाकीच्यांसाठी सुचवतं आणि तुमच्या होकाराची वाट बघतं. सख्ख्या बहिणींमध्ये ते हमखास गोंधळतं, लहानपणच्या आणि मोठेपणच्या चेहऱ्यांची सांगडही आपल्यालाच घालावी लागते. पण एका रविवारी आईला शेजारी बसवून होकार-नकार देत गेलं की तीनशे-चारशे चेहरे सहज होतात, आणि त्यात ज्या गोष्टी ऐकायला मिळतात त्या वेगळ्याच.

दुसरं मोठं काम दुप्पट-तिप्पट झालेल्या फोटोंचं. व्हॉट्सॲपवरून चार गटांतून आलेला एकच फोटो चार आकारांत पडलेला असतो. डिजिकॅम चित्राचं साम्य बघून असे फोटो एकत्र दाखवतं, त्यामुळे आकार वेगळा असला तरी ते सापडतात.

उणिवा खऱ्या आहेत. मेनू फार आहेत, नव्या माणसाला पहिला आठवडा जड जातो. फोनवरचं ॲप नाही. रॉ फोटोवर रंग-उजेडाचं काम करायला लाइटरूमइतका हात बसत नाही.

लाइटरूम क्लासिक

अडोबीचं लाइटरूम २००७ मध्ये आलं. २०१७ मध्ये त्याचे दोन फाटे झाले: ‘लाइटरूम’ क्लाउडवर आधारलेलं, तर ‘लाइटरूम क्लासिक’ आपल्या डिस्कवरचे फोटो सांभाळणारं. घरच्या मोठ्या साठ्यासाठी विचार करायचा तो क्लासिकचा. एकदाच पैसे भरून घ्यायची सोय लाइटरूम ६ नंतर उरलेली नाही. वर्गणी भरत राहावी लागते.

तुम्ही लग्नकार्याचे फोटो काढत असाल, रॉमध्ये काढत असाल, तर याला तोड नाही असंच मी म्हणेन. आठशे फोटोंतून दोनशे निवडणं आणि एका फोटोवर केलेलं काम शंभर फोटोंना लावणं इथे विलक्षण सुरळीत होतं. मूळ फाइल न बदलता सगळे बदल सूचनांसारखे नोंदवले जातात.

या सगळ्याची नोंद असते कॅटलॉगमध्ये, म्हणजे वहीतच. शब्द, ओळी, तारे आणि रंगाचे बदल कंट्रोल-एस दाबून फाइलमध्ये किंवा शेजारच्या एक्सएमपीत उतरवता येतात. हे आपोआप व्हावं अशी टिचकीही आहे, पण ती आपण शोधून लावायची. तरी कलेक्शन (आपण जमवलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (फाइलची प्रत न काढता केलेली फोटोची दुसरी आवृत्ती) कॅटलॉगमध्येच राहतात, एक्सएमपीत जात नाहीत. तेव्हा ‘आजीची पंच्याहत्तरी’ असं कलेक्शन केलंत तर त्यातल्या सगळ्या फोटोंना तोच शब्द कीवर्ड, म्हणजे टॅग, म्हणूनही द्या. फोल्डर हलवायचा तर तोही लाइटरूमच्या आतूनच हलवा. बाहेरून हलवला की फाइल हरवल्याची खूण येते आणि नवी जागा दाखवत बसावं लागतं.

वर्गणी थांबली तर काय, हे घेण्याआधीच बघून ठेवायला हवं. फोटो जात नाहीत, प्रोग्राम उघडतो, फोटो बघता येतात आणि बाहेरही काढता येतात. रंगकामाचा डेव्हलप विभाग आणि नकाशा मात्र बंद होतात.

ॲपल फोटोज

मॅक असेल तर हे घरातच आहे. २०१५ मध्ये आयफोटो आणि ॲपर्चर या ॲपलच्याच जुन्या प्रोग्रामांच्या जागी आलं. आयफोनचे फोटो आपोआप येऊन बसतात, चेहरे ओळखणं मशीनवरच होतं आणि एकसारखे फोटो शोधून एक करायची सोय २०२२ पासून आहे. वापरायला तिघांत सगळ्यांत सोपं. माझ्या सासूबाई न शिकवता वापरतात.

पण वहीचा प्रश्न इथेच सगळ्यांत जास्त बोचतो. फोटो एका बंद गाठोड्यासारख्या लायब्ररीत जातात आणि आत त्यांची नावंही लांबलचक आकडे-अक्षरांची होतात. बाहेर काढताना शीर्षक, कीवर्ड आणि ओळ सोबत घ्यायची टिचकी आहे. चेहऱ्यांना दिलेली नावं मात्र त्याबरोबर येत नाहीत. म्हणून मॅकवर राहणार असाल तर महत्त्वाच्या फोटोंखाली नावं ओळीत लिहायची सवय लावा, अगदी आजोबांसारखी: डावीकडून अमुक, तमुक. ‘ओएसएक्सफोटोज’ नावाचं एक मुक्त साधन लायब्ररीतली नावं कीवर्ड म्हणून बाहेर काढतं, पण ते कमांड लिहून चालवावं लागतं. घरात तशी आवड असलेलं कुणी असेल तरच त्या वाटेला जा.

देवनागरीत लिहिताना

तिन्हींत मराठी टॅग चालतात, एक्सएमपी सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडमध्येच असतं. अडचण वेगळीच आहे. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. फोनवर टाइप केलेला ‘कऱ्हाड’ आणि लॅपटॉपवरचा ‘कऱ्हाड’ अशी दोन गावं माझ्या यादीत कित्येक महिने नांदत होती आणि शोधल्यावर निम्मेच फोटो येत होते. उपाय सोपा: टॅग एकदाच टाइप करायचा, नंतर नेहमी यादीतून उचलायचा. परदेशातल्या नातवंडांनाही शोधता यावं म्हणून मी नावाशेजारी रोमन लिपीतलं नावही वेगळा टॅग म्हणून देते.

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर तारीख बहुधा स्कॅन केल्याच्या दिवसाची पडते. ती तिन्हींत बदलता येते. नेमका दिवस माहीत नसेल तर मी १ जानेवारी घालते आणि ओळीत ‘अंदाजे’ लिहिते. तो शब्द विसरू नका, नाहीतर पुढच्या पिढीला ती खरी तारीख वाटेल.

वाटून घेणं

घरातले फोटो शेवटी जातात व्हॉट्सॲपवर. तिथे फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि पाठीवरचं लिखाण पुसलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर फाइल जशीच्या तशी पोचते. बघायला पाठवायचा तर पहिली रीत ठीक. सांभाळायला द्यायचा तर दुसरी, नाहीतर पेनड्राइव्ह.

डिजिकॅममध्ये एका झटक्यात शंभर फोटो लहान करून वेगळ्या फोल्डरमध्ये काढता येतात. लाइटरूम क्लासिकमधून कलेक्शन वेबवर सिंक करून नुसती लिंक पाठवता येते. फोटो छान दिसतात आणि वेबवर जाणाऱ्या या लहान प्रती क्लाउडच्या जागेत मोजल्या जात नाहीत. दूरच्या माणसांना दाखवायला मला हाच प्रकार सगळ्यांत आवडतो. ॲपलच्या शेअर्ड अल्बममध्ये ५००० पर्यंत फोटो मावतात, पण फोटोची लांब बाजू २०४८ पिक्सेलवर येते, म्हणून तो साठा समजू नये. सगळ्या घराची एकच लायब्ररी करायची तर ॲपलच्या शेअर्ड लायब्ररीत सहाजण येतात आणि फोटो पूर्ण आकारात राहतात. जागा मात्र सुरू करणाऱ्याच्या आयक्लाउडमधली जाते, आणि फुकट जागा ५ जीबीच आहे.

पाठवण्याआधी ठिकाण काढून टाका, विशेषतः लहान मुलांच्या फोटोंतून. घरात काढलेल्या फोटोच्या पाठीवर घराचा अक्षांश-रेखांश असू शकतो. लाइटरूम आणि ॲपल फोटोज बाहेर काढतानाच हे विचारतात. डिजिकॅममध्ये मेटाडेटा काढायची पायरी आपण जोडायची.

मग कुणी काय घ्यावं

विंडोज किंवा लिनक्स, घरचे पंधरा-वीस वर्षांचे फोटो आणि डब्यातले स्कॅन असतील तर डिजिकॅम. मी स्वतः तेच वापरते आणि पहिल्या आठवड्याचा त्रास सोसण्यासारखा होता. फोटो काढणं हा व्यवसाय किंवा रोजचा ध्यास असेल तर लाइटरूम क्लासिक, फाइलमध्ये लिहायची टिचकी पहिल्या दिवशी लावून. घरात सगळे आयफोन आणि एक मॅक असेल तर ॲपल फोटोज, पण नावं ओळीत लिहून. आणि नुसतं बघायचं, फिरवायचं, तारखेप्रमाणे फाइलींची नावं एकदम बदलायची एवढंच काम असेल तर एक्सएनव्ह्यू एमपी घ्या. ते घरगुती वापरासाठी फुकट आहे आणि चटकन उघडतं.

ठरवण्याआधी पन्नास फोटो घ्या, सगळे नकोत. त्यांना नावं द्या, ओळी लिहा, एकाची तारीख बदला. मग ते पेनड्राइव्हवर कॉपी करून दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडा आणि माहितीचं पान बघा. नावं तिथे दिसली तर पुढचे दहा हजार फोटो निर्धास्त घाला. दिसली नाहीत तर सेटिंगच्या पानावर परत जा, आणि तोवर आईला शेजारी बसवू नका. तिच्याकडून दुसऱ्यांदा सगळं सांगून घेणं प्रत्येक वेळी जमेलच असं नाही.