मॅग्नेट बदलल्याचे पैसे घेतले, पण ते जागचे हललेही नव्हते

पुरंदर तालुक्यात आमची थोडी उताराची जमीन आहे. अंजीर आणि सीताफळाचे क्रेट बागेतून वर रस्त्यापर्यंत आणण्यासाठी तीन वर्षांपूर्वी मी चार चाकांची, ११० सीसीची एक जुनी एटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी मोटरसायकलसारखी गाडी, विकत घेतली. या गाडीची रस्त्यासाठी नोंदणी झालेली नाही. त्यामुळे ती बिघडली की छोट्या हत्तीत चढवायची, दोराने आवळायची आणि दिवे घाट उतरून पुण्याला आणायची, एवढा खटाटोप करावा लागतो. एकदा गॅरेजच्या दारात उतरवलेली गाडी पुन्हा टेंपोत भरून दुसरीकडे नेणे जिवावर येते, आणि मला वाटते, हे गॅरेजवाल्याला आपल्या आधी कळलेले असते.

बिघाड साधा होता. सेल्फचे बटण दाबले की मोटर घर्रकन फिरे, पण इंजिन फिरत नसे. या गाडीला किक नाही, त्यामुळे सेल्फ बंद म्हणजे गाडी बंद. सेल्फच्या मोटरची ताकद क्रँकपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, पोहोचवणारा वनवे क्लच मॅग्नेटच्या मागे बसवलेला असतो. त्याचे रोलर झिजले किंवा चिकट तेलात अडकले की तो पकड घेत नाही. तो बदलायचा तर आधी मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचे आत चुंबक असलेले जड चाक, पुस्तकी भाषेतले फ्लायव्हील, उतरवावे लागते. ही सगळी माहिती मला आज आहे. त्या दिवशी नव्हती. मी बँकेत नोकरी केली, आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळल्या, परंतु इंजिनाचे कव्हर उघडलेले जवळून पाहण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग होता.

गॅरेज शहराच्या पूर्वेकडच्या भागातले, ओळखीतून कळलेले. मालकाने ऑइल काढले, डावीकडचे कव्हर उघडले आणि मधला नट सोडवला. मी केवळ हौसेने मोबाइलवर दोन फोटो काढले, आणि पुढे तेच कामाला आले. मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर ठोकून बसवल्यासारखे घट्ट बसते. ते तिथे गंजामुळे अडकत नाही. दोन निमुळते पृष्ठभाग नटाच्या दाबाने एकमेकांत रुततात आणि नट काढल्यावरही सुटत नाहीत. अर्धचंद्राच्या आकाराची जी लहानशी चावी मध्ये असते, तिचे काम मॅग्नेट योग्य जागी बसवण्याचे आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. म्हणून मॅग्नेटच्या मधल्या भोकात आटे पाडलेले असतात. त्यात पुलर, म्हणजे ओढून काढायचे हत्यार, पिळायचा आणि पुलरच्या मधल्या बोल्टने क्रँकचे टोक ढकलायचे, म्हणजे मॅग्नेट बाहेर येते. माझ्या इंजिनाला २७ मिलीमीटर व्यासाचा आणि उलट्या आट्यांचा पुलर लागतो. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवले की घट्ट होणारा नेहमीचा पुलर त्यात जाणारच नाही.

मालकाने भिंतीवरचा एक पुलर काढून पोराच्या हातात दिला. तो जेमतेम अर्धा फेरा गेला आणि अडकला. पोराने मालकाकडे पाहिले, मालकाने पान्याला लोखंडी पाइप लावायला सांगितले, आणि दोघांनी मिळून तो रेटला. मॅग्नेटच्या तोंडाशी चांदीच्या तारेसारखे बारीक किस बाहेर आलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ते आटे सोलले जात आहेत, हे मला कळले नाही. पाच मिनिटांनी पुलर सटकून हातात आला तेव्हा मालक म्हणाला, "काका, आधीच्या मालकाने आटे खाल्लेत. हे आता गॅस लावून काढावे लागणार. तुम्ही घरी जा, टेन्शन घेऊ नका." मी आधीच्या मालकाला मनात दोन शब्द सुनावून घरी गेलो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आठ दिवसांत तीन फोन आले. पहिल्यात मॅग्नेट गॅसने काढताना त्याचे चुंबक गेले, असे सांगितले. हे कारण ऐकायला खरे वाटते, कारण फार तापवले तर चुंबकाची शक्ती जाते आणि मागचे ऑइल सीलही जळते. फसवणुकीत वापरलेली माहिती खोटीच असते असे नाही. दुसऱ्या फोनमध्ये नवे मॅग्नेट नाना पेठेतून आणल्याचे कळले, आणि तिसऱ्यात गाडी तयार असल्याचे. हिशेब एका साध्या कागदावर लिहिला होता: मॅग्नेट ७,२०० रुपये, वनवे क्लच ३,४०० रुपये, ऑइल आणि पॅकिंग ९०० रुपये, मजुरी ३,५०० रुपये, एकूण १५,००० रुपये. मी पक्के बिल मागितले. "बिलाचे पुस्तक संपले आहे, पुढच्या वेळी देतो," असे उत्तर मिळाले. नशिबाने पैसे मी रोख न देता मोबाइलवरून दिले.

जुने पार्ट परत मागून घ्यावेत, हा सल्ला आपण सगळेच एकमेकांना देतो. मीही मागितले, आणि त्यांनी न कुरकुरता एका प्लॅस्टिकच्या पिशवीत काळवंडलेले, आटे गेलेले मॅग्नेट आणि झिजलेले चार रोलर माझ्यापुढे ठेवले. त्या पिशवीने माझा उरलासुरला संशयही गेला. ती पिशवी नसती तर मी कदाचित त्याच दिवशी कव्हर उघडून दाखवायला सांगितले असते.

गाडी सोळा दिवस चालली. सतराव्या दिवशी पुन्हा तोच घर्र आवाज. गॅरेजमधून फोनवर सांगण्यात आले की मी चुकीचे ऑइल घातले असेल. मी तर ऑइलचे झाकणही उघडले नव्हते.

यावेळी मेहुण्याच्या ओळखीने गाडी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान लेथवर्कशॉपमध्ये नेली. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे, बोलायला कमी. त्यांनी कव्हर उघडले, टॉर्च लावून आत पाहिले आणि मला विचारले, "साहेब, हे मॅग्नेट कोण म्हणतो नवीन?" आटे अर्ध्याहून अधिक सोललेले होते, खोबणीत जुना चिकट गाळ तसाच होता, आणि तळाशी जे दोन-तीन आटे शाबूत होते ते उलटे होते. मी मोबाइलमधला फोटो उघडला. त्यात मॅग्नेटवर कोरलेला क्रमांक आणि कडेचा एक पोचा स्पष्ट दिसत होता. समोरच्या मॅग्नेटवर तोच क्रमांक, तोच पोचा. मग मिस्त्रींनी माझ्याकडची पिशवी उघडायला लावली, आतल्या मॅग्नेटच्या भोकात बोट फिरवले आणि म्हणाले, "हे सुलट्या आट्याचे. दुसऱ्याच गाडीचे आहे."

म्हणजे मॅग्नेट कधी उतरलेच नव्हते. ते उतरले नाही म्हणजे मागचा वनवे क्लचही बदललेला असणे शक्य नव्हते. मग गाडी सोळा दिवस चालली कशी? मिस्त्रींचा अंदाज असा, की कव्हर उघडे असताना मागच्या फटीतून रॉकेल किंवा डिझेल मारून रोलर धुतले असावेत आणि वर पातळ, ताजे ऑइल भरले असावे. गाळ सुटला की अर्धवट झिजलेले रोलरही काही दिवस पकड घेतात. मला १५,००० रुपयांत ऑइल बदलून मिळाले होते.

अडकलेले मॅग्नेट त्यांनी कसे काढले ते सविस्तर सांगतो, कारण "आता गॅसशिवाय किंवा क्रँक बदलल्याशिवाय इलाज नाही" हे वाक्य इतरांनाही ऐकवले जाणार आहे. क्रँकवर त्यांनी थेट हातोडी मारली नाही. क्रँक दोन-तीन भाग दाबून जोडलेला असतो, त्याच्या टोकावर घाव घातला तर तो वाकडा होतो. मागून पहार घालून उचकटले तर अॅल्युमिनियमचे केसिंग फुटते. बाहेरच्या कडेला तीन नख्यांचा पुलर लावण्यासही त्यांनी नकार दिला, कारण कड ताणली गेली की आतले चुंबक सुटतात. त्यांनी मॅग्नेटच्या मधल्या जाड भागावर समान अंतरावर तीन खुणा केल्या, तिथे भोके पाडून ६ मिलीमीटरचे आटे पाडले, आणि लेथवर एक जाड लोखंडी चकती तयार करून ती तीन बोल्टांनी बसवली. चकतीच्या मध्ये मोठा बोल्ट होता. क्रँकचे टोक पसरू नये म्हणून नट त्यांनी टोकाशी समतल येईल एवढा परत चढवून ठेवला. भोके पाडताना खाली ग्रीसचे फडके कोंबले होते, तरी बराच किस चुंबकाने ओढून घेतलाच. तो त्यांनी चिकटपट्टीने टिपून टिपून काढला. या कामाला भोके पाडण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

मधला बोल्ट आवळला, फटीत गंज सोडवणारे तेल सोडले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी बोल्ट आणखी पाव फेरा आवळून त्याच्या डोक्यावर पितळी हातोडीने एकच टोला दिला. टण्ण असा आवाज झाला आणि मॅग्नेट नटावर सैल येऊन टेकले. मागे झिजलेले रोलर आणि मूळ कंपनीच्या स्प्रिंगा होत्या. नवा वनवे क्लच १,६५० रुपयांना आला आणि मिस्त्रींनी मजुरी १,४०० रुपये घेतली. भोके समान अंतरावर असल्यामुळे मॅग्नेटचा तोल गेला नाही, म्हणून तेच पुन्हा बसवले, आणि ती चकती मला देऊन टाकली.

त्यानंतर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि गॅरेजला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार वस्तू किंवा सेवेचे बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे त्या पत्रात मुद्दाम लिहिले. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि वस्तू किंवा सेवेसाठी ५ लाख रुपयांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क लागत नाही. मात्र ज्यांची एटीव्ही पर्यटकांना फिरवण्याच्या धंद्यात असेल, त्यांना ते ग्राहक आहेत का, याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही, अपवाद फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी केलेल्या स्वयंरोजगाराचा.

पत्रासोबत मी दोन फोटो जोडले होते: पहिल्या दिवशीचा आणि भोसरीतला, दोन्हींत क्रमांक दिसेल असे. पाचव्या दिवशी गॅरेजच्या मालकाचा फोन आला. "पोराकडून चूक झाली," असे म्हणून त्यांनी मॅग्नेट आणि क्लच मिळून १०,६०० रुपये परत पाठवले. मजुरीबद्दल अजून बोलणे चालू आहे. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "काका, ते पिशवीतले जुने मॅग्नेट तेवढे परत आणून द्या, आम्हाला लागते."

ते मी दिलेले नाही.