बंद शिवणीचा रविवारचा वर्ग

घराजवळच्या एका शिवणवर्गात रविवारी तीन तास केवळ फ्रेंच शिवण शिकवतात. मलमलीचे दोन तुकडे उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर टीप मारायची, टिपेबाहेर उरलेले कापड, म्हणजे मार्जिन, निम्म्यापर्यंत कातरायचे, कापड उलटवून इस्त्री फिरवायची आणि पुन्हा पाव इंचावर टीप मारली की सुटे दोरे आतच बंद होतात. दुसऱ्या टिपेआधी बाईंनी कापड उजेडात धरायला लावले, तेव्हा माझ्या कातरीने मागे ठेवलेली दोऱ्यांची झालर दिसली. ती तशीच राहती, तर सुलट बाजूने मिशीसारखी डोकावली असती. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या जागेच्या, गोलाईचा सराव मात्र झालाच नाही, आणि आठ जणींत इस्त्री एकच असल्याने बराच वेळ रांगेत गेला. जाड कापडावर ही शिवण फुगते, हे बाईंनी आधीच सांगितले होते.