घोटच्या पुढची बंगाली मेस: पाटी नाही, पण थांबाच

मार्कंड्याचं दर्शन करून गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याले मावसभावाकडं चाललो होतो, चामोर्शी-घोट करत, अन् घोट सोडल्यावर भूक अशी लागली का विचारू नका. रस्त्याच्या कडेले टिनाचं शेड, पाटीबिटी काही नाही, बाहेर चार गाड्या उभ्या. रोहूचा रस्सा अन् भात, 120 रुपये, भात लागंल तेवढा.

मोहरीच्या तेलाचा वास आला तसं आधी नाक मुरडलं, आम्ही जवसाच्या तेलावर वाढलेली मानसं न. पन दुसऱ्या घासाले गप बसलो. रस्सा पातळ, आपल्यासारखं खोबरं-खसखस वाटून घट्ट केलेला नाही, नुसती कलौंजी, उभी चिरलेली हिरवी मिरची अन् आलूची लांब फोड. मासा मागच्या बोडीतला (लहान तळं), सकाळीच काढलेला. काटे लय आहेत, लेकरू सोबत असंल तर निवडून द्या. मी चमचा मागतला तं मेसवाल्या काकू हसल्या, "हातानं खा दादा, चमच्याले काटा कसा समजंल?"

मले वाटे इकडचे बंगाली सगळे 71 मधे आले, पूर्व अन् पश्चिम पाकिस्तान आपसातच भिडले तेव्हा. काकूचे मालक, काका म्हने, नाही, आमचे बाबा 64 च्या दंगलीत खुलन्याहून (आता बांगलादेशात) निघाले, आधी रायपूरजवळ माना कॅम्पात तंबूत राहिले, मंग इकडं चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्यात जंगलाले लागून जागा भेटली (गडचिरोली जिल्हा 1982 चा, तेव्हा कुठं होता). काकूचं माहेर मात्र 71 चं. त्या साली एक कोटीच्या आसपास लोकं भारतात आले, बहुतेक परत गेले, हे राहिले. काका इथंच जन्मले, बोली माझ्यापेक्षा पक्की इकडची झाडीबोली, तरी आजूबाजूचे त्यायच्या गावाले अजून कॅम्पच म्हनतात, मीबी म्हनत होतो. त्यायची जात नमःशूद्र, ते बंगालात एससीत, महाराष्ट्रात नाही, म्हनून नातवाच्या जातीच्या दाखल्याचं घोडं अडलेलं. हे सांगता सांगता त्यायनं तिसऱ्यांदा भात वाढला, मी नाही म्हनत असताना.

खोट काढाची तं हात धुवाले एकच ड्रम, अन् नेटवर्क नाही म्हनून फोनपे चालत नाही, सुट्टे पैसे ठेवा. रसगुल्ला बरा, जरा जास्तच गोड. मातीच्या वाटीतलं दही मात्र दोन घ्या.

दोनच्या आत पोचा, नंतर रोहू संपते अन् अंड्यावर भागवा लागते. माझ्या साडभावाचं तेच झालं, अजून मलेच बोलते.