वडिलांचा सोनाका सोलापुरात आणला: घरी येऊन कलम बांधून देणाऱ्यांचा अनुभव

माहेरी वैरागला अंगणात वडिलांच्या हातचा द्राक्षाचा वेल. वाण सोनाका, म्हणजे आपल्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी थॉमसन सीडलेस या द्राक्षवाणातून निवडलेलं. गेल्या वर्षी घर विकायचं ठरलं आणि माझा सगळा जीव त्या वेलात अडकला.

छाटणीच्या काड्या कुंडीत खोचून मी आधी दोनदा रोपं केली होती. मुळं सहज फुटतात. पण आमच्या बोअरचं पाणी खारट. पानांच्या कडा करपत गेल्या आणि उन्हाळ्यात रोपं वाळली. बार्शी रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत गेले, तर त्यांनी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला. "ताई, खाऱ्या पाण्याला डॉगरिजचा खुंट लावा, त्यावर तुमची काडी बांधू." खुंट म्हणजे कलमाखालचं, मुळं धरणारं दुसऱ्या जातीचं रोप; डॉगरिज ही त्यातलीच एक द्राक्षाची जात. फेब्रुवारीत दोन खुंट लावले. सप्टेंबरात कलम बांधणारे मामा घरी आले.

त्यांचं काम बघत राहावं असं. मी ओल्या गोणपाटात आणलेल्या काड्यांतल्या हिरव्या, कोवळ्या त्यांनी बाजूला काढल्या. पेन्सिलीएवढी पक्की काडी घेतली, दोन डोळे ठेवले, खालचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासलं. खुंट दीड फुटावर कापून मधोमध चिरला आणि पाचर आत बसवली. काडी खुंटापेक्षा बारीक होती, म्हणून ती मधे न ठेवता एका कडेला सरकवली. "एका अंगाला तरी सालीला साल भिडली पाहिजे, नाहीतर जीव धरत नाही." मग प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. दोन्ही कलमं अर्ध्या तासात. सतराव्या दिवशी डोळा फुगला, तेव्हा मला रडूच आलं.

तक्रार एकच, पण मोठी. पुढची काळजी कुणी सांगितली नाही. एका खुंटाला खालून फुटवे आले, ते मी कौतुकाने वाढू दिले आणि वरची काडी वाळली. खुंटाचं पान गोलसर, कमी कातरलेलं असतं. तसं पान दिसलं की फुटवा लगेच खुडायचा. एवढं कागदावर लिहून द्यायला हवं होतं. फोन केल्यावर मात्र मामा आठवड्यात आले आणि पैसे न घेता पुन्हा बांधून दिलं. वैरागच्या घराचा ताबा अजून द्यायचा होता, म्हणून पुन्हा काडी मिळाली.

एका कलमाचे दोनशे रुपये, खुंट वेगळे. हंगामात ही माणसं बागांमध्ये असतात, तेव्हा ऑगस्टमध्येच सांगून ठेवा. दोन्ही वेल आता मांडवाला पोचलेत. ऑक्टोबरच्या फळछाटणीला मामांनाच बोलावलंय.