उरलेलं शिजवलेलं अन्न: फ्रिजमध्ये ठेवावं की फ्रीजरमध्ये?

उद्या-परवा संपणार असेल तर फ्रिज पुरतो. ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली जिवाणूंची वाढ मंदावते, पण थांबत नाही. लिस्टेरियासारखे काही तर या थंडीतही वाढत राहतात. म्हणून शिजवलेलं अन्न तीन, फार तर चार दिवसांत संपवावं. वास चांगला येतोय म्हणून पाचव्या दिवशी खाऊ नका. आजारी पाडणारे जिवाणू वास किंवा चव बदलतीलच असं नाही.

फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना वाढ पूर्ण थांबते. तिथे मुदत ठरते ती चवीवरून: दोन-तीन महिन्यांनी पदार्थ कोरडा पडतो, उघड्या भागावर पांढुरके डाग दिसतात. ते खाल्ल्याने अपाय नाही, फक्त चव जाते. डबा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगतं. मात्र गोठल्याने जिवाणू मरत नाहीत, म्हणून गोठलेलं अन्न ओट्यावर नव्हे, फ्रिजमध्येच वितळू द्यावं.

माझा कल फ्रीजरकडे आहे, पण दोन्हीपेक्षा महत्त्वाचे आहेत शिजवल्यानंतरचे पहिले दोन तास. तेवढ्यात अन्न आत गेलं पाहिजे. भाताचं तर फारच जपा. तो बाहेर राहिला की त्यातले बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू (शिजवूनही टिकणारी सुप्त रूपं) रुजतात आणि विष तयार करतात. ते नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. उथळ डब्यात पसरून ठेवलात तर लवकर गार होतो.